डावी बाजू नोएलची

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की नम्रता, तू जरा सबुरीनं घ्यायला हवं होतंस. हिंदमाताला साड्यांच्या दुकानात मी दिवसभर गिऱ्हाइकांपुढे साड्या उलगडते, 'तो वरचा रंग दाखवा ना'ला हसून हो म्हणते, आणि माझी सगळी सबुरी तिथेच संपते. घरी पोचते तेव्हा अंगात फक्त राग आणि भूक असते. माझा नवरा राजेश आणि मुलगी स्पृहा, दोघांना ते ठाऊक आहे. नोएलला तर मी बारा वर्षांची असल्यापासून ठाऊक आहे.

नोएल आमच्या गिरगावातल्या वाडीतला. तळमजल्यावर त्याचं घर, दारावर क्रूस, आणि बरोबर समोर आमची चाळ. त्याचे वडील गॅब्रिएल अंकल मस्कतला क्रेन चालवायचे. ब्याण्णव साली सुट्टीवर आले तेव्हा त्यांनी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला. अख्ख्या वाडीत तो एकच. त्याच्याबरोबर चार कॅसेटी होत्या, पण आम्ही खेळायचो ती एकच, रणगाड्यांची. आम्ही त्याला 'टँक' म्हणायचो. "येतेस का टँक खेळायला?" एवढं खिडकीतून ऐकू आलं की मी हातातला पाढ्यांचा कागद तिथेच टाकून पळायचे आणि मागून आमचे अप्पा ओरडत राहायचे.

ज्यांनी खेळलाय त्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. पडद्यावर खाली मधोमध विटांच्या कुंपणात एक पक्षी असतो, तो आपला. त्याच्या डावीकडे पिवळा टँक, उजवीकडे हिरवा, हे दोन खेळाडू. वरून शत्रूचे टँक येतात, काही डाव्या कोपऱ्यातून, काही मधून, काही उजव्या कोपऱ्यातून. विटा फोडत फोडत खाली उतरतात. त्यातल्या एकाचीही गोळी पक्ष्याला लागली की खेळ संपला. तुमचे कितीही जीव शिल्लक असू देत, त्याला काही किंमत नाही.

पिवळा नोएलचा, हिरवा माझा. तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा आणि गेम त्याच्या घरचा, म्हणून नियमही त्याचेच. सगळ्यात मोठा नियम बाजूचा. डावी बाजू पिवळ्याची, उजवी हिरव्याची. दुसऱ्याच्या मदतीला पळायचं नाही, कारण पळालं की आपल्याकडून टँक घुसतो. ज्याच्या बाजूनं पक्षी गेला त्यानं रिमोट खाली ठेवायचा आणि थांबलेल्या पोरांच्या रांगेत शेवटी जाऊन बसायचं. नजर आपापल्या बाजूला लागलेली, म्हणून एकमेकांना विचारत राहायचं. मी ओरडायचे, "लेफ्ट?" तो म्हणायचा, "क्लिअर!" मग तो ओरडायचा, "राइट?" आणि मी म्हणायचे, "क्लिअर!" आतून त्याची आई, एडना आंटी, करवादायची, "क्लिअर, क्लिअर काय गो लावलंय! माझे कान क्लिअर झाले!"

एकदा मी न बघताच 'क्लिअर' म्हटलं. बोराची चटणी खात होते, लक्ष नव्हतं. पक्षी गेला. नोएल दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "नम्रे, बघितलं नसशील तर नाही बघितलं म्हण. खोटं क्लिअर म्हणू नको." चौदा वर्षांचा पोरगा, पण बोलताना अगदी फादरसारखा वाटला. मला तेव्हा भारी राग आला होता, कारण चूक माझी होती.

मोठा झाल्यावरही नोएल तसाच राहिला. छापखान्यात लागला, छापखाना बंद पडला. कुरिअरच्या पिशव्या वाहिल्या. लग्नाचं दोनदा जमता जमता राहिलं, त्या दोन्ही मुलींची नावं एडना आंटी अजून उसासा टाकून घेते. मग त्यानं शाळेची व्हॅन घेतली, त्याला आता चौदा वर्षं झाली. आमच्या भागातली नऊ मुलं सकाळी गिरगावातून उचलायची, लालबाग, परळ, हिंदमाता करत दादरला शाळेत सोडायची, दुपारी परत आणायची. राजेश त्याच शाळेत शिकला म्हणून सासूबाईंच्या हट्टापायी स्पृहाही तिथेच. मी लग्न होऊनही दोन गल्ल्याच पलीकडे गेले, त्यामुळे नोएल सुटला नाही आणि व्हॅनही सुटली नाही. उलट बाकीच्या आठातल्या पाच मुलांच्या आयांना मीच सांगितलंय, "डोळे झाकून नोएलच्या गाडीत घाला." अगदी ह्याच शब्दांत सांगितलंय.

आणि गाडी खरंच तशी होती. लालबागच्या पुलावर वरदला मळमळतं, म्हणून नोएलच्या खिशात लिमलेटच्या गोळ्या. दुसरीतला मनू झोपतो, त्याला उतरवताना नोएल आधी त्याच्या बुटाची लेस बांधणार. विसरलेल्या पाण्याच्या बाटल्या मागच्या सीटखाली पिशवीत, प्रत्येकीवर नाव. गाडीत भांडण झालं तर नोएल हॉर्न वाजवायचा नाही की ओरडायचा नाही, गाडी बाजूला घेऊन नुसता बसून राहायचा. पोरं आपोआप गप्प. मला हे कधी जमलं नाही.

दिवाळीत एक झालं. गाडीत मुलांना सांभाळायला एक मावशी असायची, ती गावी गेली ती परत आलीच नाही. नोएल म्हणाला दुसरी बघतोय. तोवर सगळ्यांत मोठी म्हणून त्यानं स्पृहाला पुढच्या सीटवर घेतलं, स्वतःच्या डाव्या हाताला. स्पृहा सातवीत. तिचा रुबाब काय विचारता! घरी येऊन म्हणाली, "आई, मी को-पायलट आहे. वळायच्या आधी अंकल विचारतात, 'लेफ्ट?' मी खिडकीतून बघते आणि म्हणते, 'क्लिअर!' मगच गाडी वळते."

मी खळखळून हसले. राजेशला सांगितलं, बघ, आमचा टँकमधला खेळ त्यानं माझ्या पोरीला शिकवला. मला भरूनच आलं होतं. ह्या बाईला, म्हणजे मला, तेव्हा जरा अक्कल चालवायला काय झालं होतं?

कारण दिसत सगळं होतं. व्हॅनच्या डाव्या अंगावर लांबलचक ओरखडा आला. नोएल म्हणाला, टॅक्सीवाल्यानं घासलं. मी त्या टॅक्सीवाल्याला चार शिव्या घातल्या. पंधरा दिवसांनी डावा आरसा फुटला. तो म्हणाला, हातगाडी लागली. मी हातगाडीवाल्यालाही सोडलं नाही. एकदा सकाळी स्पृहाला सोडायला गेले आणि त्याच्या डाव्या बाजूनं जाऊन "गुड मॉर्निंग" म्हटलं, तर तो दचकला. मी म्हटलं, "झोपेत आहेस का रे?" तो हसला. इतकंच.

मग डिसेंबरचा तिसरा रविवार आला. एडना आंटीचा फोन आला, "ये गो, नाताळचे कुलकुल वळायला बसलेय, हात लाव जरा. आणि तुझा तो टँक सापडलाय माळ्यावर." नाताळची साफसफाई काढली होती त्यात खोका निघाला होता. मी तशीच निघाले. स्पृहाला शिकवणीला पाठवलं होतं, ते एक बरं झालं.

नोएलनं सगळं आधीच मांडून ठेवलं होतं. नव्या सपाट टीव्हीला त्या जुन्या वायरी लागेनात, म्हणून आंटीच्या खोलीतला ढेरपोट्या टीव्ही बाहेर आणला होता. कॅसेटमध्ये फुंकर मारली, बसवली, नाही चाललं, पुन्हा फुंकर मारली, आणि ते सुरुवातीचं संगीत वाजलं. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. सेहेचाळीस वर्षांची बाई मी, साडी खोचून जमिनीवर मांडी घालून बसले. रिमोटच्या वायरी आखूड, त्यामुळे पूर्वीसारखंच पडद्याला नाक लावून बसायचं. "पिवळा माझा," नोएल म्हणाला. म्हटलं, "घे बाबा, कुणाला हवाय."

पहिला डाव दुसऱ्या राउंडला संपला. आम्ही एके काळी तीसच्या पुढे जायचो. हसलो, म्हातारे झालो म्हटलं. दुसरा डाव, पुन्हा दुसरा राउंड. तिसरा डाव तर पहिल्याच राउंडला. मी हसायची थांबले. तिन्ही वेळा टँक डावीकडून आला होता, विटा फोडत सावकाश उतरला होता, आणि नोएलचा पिवळा टँक तिथेच जवळ उभा राहून मधल्या रस्त्यावर गोळ्या मारत होता.

"अरे, बाजू तुझी ना? झोपलायस का?" मी खेकसले.

"रिमोट अडकतोय गं," तो म्हणाला. "डावं बटण दबत नाही."

मी माझा रिमोट त्याच्या हातात कोंबला आणि वायरी बदलल्या. चौथा डाव सुरू झाला. डाव्या कोपऱ्यात एक टँक आला, तो लाल लाल लुकलुकणारा, मारला की बक्षीस मिळतं तो. लहानपणी तो दिसला की अख्खी वाडी किंचाळायची. नोएल काही बोलला नाही. मी खेळणं सोडलं आणि त्याच्याकडे बघायला लागले. त्याची नजर मधोमध होती. टँक खाली आला, पक्ष्याच्या बाजूला पोचला, आणि मग नोएलनं मान पूर्ण डावीकडे वळवली, दार कुठे आहे ते शोधावं तशी. तोवर पक्षी गेला होता.

तेवढ्यात एडना आंटी चहा घेऊन आली. तिनं कप त्याच्या उजव्या हाताशी ठेवला आणि बशीवर नखानं टिकटिक केलं. नोएलनं आवाजावर हात नेला. मी पूर्वी हे कुठे पाहिलं होतं? शेवटच्या वर्षांत गॅब्रिएल अंकलच्या खुर्चीपाशी आंटी अशीच कप ठेवून टिकटिक करायची. अंकलला काचबिंदू होता. ऑपरेशनपर्यंत जायला उशीर झाला आणि दोन्ही डोळे गेले.

म्हणजे नोएललाही तेच? आणि त्याच वेळी दुसरी गोष्ट डोक्यात आली. 'लेफ्ट?' हा प्रश्न नोएलचा नव्हताच कधी. लेफ्ट त्याची स्वतःची बाजू. लेफ्ट विचारायचे ते मी. नोएल आयुष्यात फक्त 'राइट?' विचारत आला होता. मग रोज सकाळी परळच्या नाक्यावर माझ्या बारा वर्षांच्या पोरीला तो 'लेफ्ट?' का विचारत होता?

"नोएल, तुला डावीकडचं दिसत नाही," मी म्हटलं.

"काय पण बोलतेस."

"माझ्याकडे बघू नको, समोर बघ. माझी किती बोटं आहेत?" मी हात त्याच्या डाव्या कानाच्या पुढे धरला. तो मान वळवायला लागला. मी दुसऱ्या हातानं त्याची हनुवटी धरली. "वळायचं नाही. सांग किती."

"दोन," त्यानं ठोकून दिलं; होती तीन. आंटी पिठाच्या हातानं उभीच राहिली होती. आंटीला माहीत होतं. आई होती ती, तिला दोन-तीन महिन्यांपूर्वीच कळलं असणार. तिनं क्रॉसची खूण केली आणि आत गेली.

मग मी तोंड सोडलं. काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. नऊ मुलं, नऊ! तुला लाज कशी वाटली नाही! माझ्या पोरीचा डोळा लावून गाडी चालवतोस! वाडीतल्या खिडक्या उघडल्या असतील, मला पर्वा नव्हती. नोएल ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "उजवीकडचं नीट दिसतं गं. मान वळवली की डावीकडचंही दिसतं. सांभाळून चालवतो. चौदा वर्षांत एका पोराला ओरखडा आलाय का? गाडी गेली तर मी कोण आहे, सांग बघू. नाताळ होऊ दे, मग डॉक्टरला दाखवतो."

"उद्या गाडी काढायची नाही."

"काढणार. पोरांच्या घटक चाचणीचा शेवटचा पेपर आहे." असं म्हणून त्यानं गेमची वायर ओढून काढली.

घरी आले ती फोन हातात घेऊनच. पालकांच्या ग्रुपवर लिहिलं, 'उद्यापासून मुलांना व्हॅननं पाठवू नका.' पाठवलं नाही, पुसलं. पुन्हा लिहिलं. पुन्हा पुसलं. माझं चुकलं असेल तर? टीव्ही जुनाट, खोलीत अंधार, त्याला झोप नसेल. तीन बोटांवरून एका माणसाचं सगळं काढून घ्यायचं? आणि चुकलं नसेल तर? मग डोळ्यांपुढे हिंदमाताचा नाका यायचा, डाव्या अंगानं घुसणाऱ्या बाइक, शाळेच्या फाटकासमोर गाडीच्या कडेनं पळणारा मनू. राजेश म्हणाला, "लिही सरळ." मी त्याच्यावरच ओरडले, "तू खेळलायस का त्याच्याबरोबर?" ह्याला काही अर्थ नव्हता. झोपेचं तर नावच नाही. एवढंच ठरवलं की पहिलं मूल गाडीत चढायच्या आत मी तिथे असेन.

पावणेसहाला वाडीत पोचले. अजून उजाडायचं होतं. नोएल फडक्यानं काच पुसत होता. मी पुढचं दार उघडलं आणि स्पृहाच्या जागेवर बसले. डॅशबोर्डवर मेरीची छोटी मूर्ती, तिच्यापाशी स्पृहाचा केसांचा बँड पडलेला. तो हातात घेतला आणि माझं सगळं चित्त तिथेच अडकलं.

नोएल आत आला. "उतर, नम्रे."

"नाही उतरणार. तुला सांभाळून चालवता येतं ना? चल. वाडीच्या तोंडापर्यंत घेऊन चल, रिकामी गाडी. तिथपर्यंत नीट नेलीस तर मी तुझ्या आड येणार नाही. स्पृहाला स्वतः आणून बसवते."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि किल्ली फिरवली. वाडी आमची केवढी ती, शंभर पावलं. दोन्ही बाजूंना बाइका, एक तुळशीचं वृंदावन, पुढे वळण. त्यानं गाडी हळूहळू सोडली. वृंदावनापर्यंत बरोबर आली. वळणापाशी त्यानं पाय ब्रेकवर ठेवला आणि सवयीनं, अगदी सवयीनं, विचारलं, "लेफ्ट?"

मी खिडकीतून पाहिलं. पाववाला कोंडीराम सायकल भिंतीला न टेकवता मधेच उभी करून तिच्या चाकाशी खाली बसला होता. चेन पडली होती. त्याचं डोकं आमच्या चाकापासून दीड हातावर. मी काही बोलले नाही.

"नम्रे, लेफ्ट?"

मी दातांवर दात दाबून बसले. त्यानं गाडी सोडलीच तर मी हँडब्रेक ओढणार होते, हात त्याच्यावरच ठेवला होता.

"बोल ना गं."

"तू बघ," मी म्हटलं. "बाजू तुझी आहे."

त्यानं मान वळवली. पुढे वाकला, मागे सरकला, फुटक्या आरशात पाहिलं, माझ्या खांद्यावरून पाहायचा प्रयत्न केला. सायकलचं हँडल बहुधा दिसलं असावं, कोंडीराम दिसलाच नाही. इंजिन सुरू होतं. अर्धं मिनिट गेलं असेल, मला ते अर्धा तास वाटलं. नोएलनं हँडब्रेक ओढला, माझ्या हातावरूनच, आणि खाली उतरला. गाडीला वळसा घालून माझ्या खिडकीबाहेर आला.

कोंडीरामनं मान वर करून विचारलं, "काय शेठ, आज पाव घेणार काय दोन?" नोएल त्याच्या डोक्याकडे आणि मग चाकाकडे बघत राहिला. मग त्यानं दोन पाव घेतले, खरंच घेतले. परत येऊन सीटवर बसला, किल्ली काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"तू ग्रुपवर लिही," म्हणाला.

"गाडीला काम निघालंय असं लिहिते," मी म्हटलं. माझा राग कुठे गेला कुणास ठाऊक, मला नुसतं रडू येत होतं.

"नको. खोटं नको. लिही, नोएलला नीट दिसत नाही, आज पेपर आहे, आपापल्या मुलांना कृपया स्वतः नेऊन सोडा. आणि सॉरी लिही."

मी तेवढंच लिहिलं. मग तो स्टिअरिंगवर कपाळ टेकून रडला आणि मी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसले. पाव थंड झाले.

त्याच आठवड्यात परळला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. तिथे एका यंत्रात हनुवटी ठेवायला लावतात, आत कुठे कुठे प्रकाशाचे ठिपके उमटतात, दिसला की बटण दाबायचं. नोएल बाहेर येऊन म्हणाला, "तिथे पण टँकच आहे गं. डावीकडचे सगळे सुटले." काचबिंदूच. डावा डोळा जवळजवळ गेलेला, उजव्यालाही सुरुवात, तीही नाकाकडच्या बाजूनं, म्हणून डावीकडचं काहीच पोचत नव्हतं. गेलेलं परत येणार नाही, राहिलेलं थेंबांनी राखता येईल, असं डॉक्टर म्हणाले. गाडी चालवायची नाही, हे त्यांना सांगावंही लागलं नाही.

व्हॅन आता बुधाजी चालवतो, तो पूर्वी बेस्टमध्ये होता. तीन पालकांनी मुलं काढून घेतली, मला दोघींनी सुनावलं, आणि त्या दोघींचं बरोबर होतं. नोएल मागे मुलांत बसतो, त्या मावशीच्या जागी. लिमलेटच्या गोळ्या, बुटाच्या लेस, बाटल्यांची पिशवी, सगळं तसंच आहे. पहिले आठ दिवस तो बुधाजीला मागून सूचना करत होता. बुधाजीनं गाडी बाजूला घेतली आणि नुसता बसून राहिला. मग नोएल गप्प झाला. हे मला स्पृहानं सांगितलं, आणि आम्ही दोघी हसलो.

त्याच संध्याकाळी, मी तिच्या युनिफॉर्मला इस्त्री करत होते तेव्हा, ती माझ्या मागे येऊन उभी राहिली.

"आई, अंकलना खरंच डावीकडचं काहीच दिसत नव्हतं?"

"नव्हतं."

"म्हणजे मी म्हणायचे त्यावर ते वळायचे?"

"हो गं."

ती युनिफॉर्मच्या बाहीशी चाळा करत राहिली. मग एकदम बोलली, "मी कधीकधी बघायचेच नाही. परीक्षा होती ना, तर पुस्तक मांडीवर असायचं. त्यांनी विचारलं की नुसतं क्लिअर म्हणायचे."

मी इस्त्री उभी केली. "किती वेळा?"

"खूप वेळा," ती म्हणाली आणि रडायला लागली.

मी तिथेच पलंगाच्या कडेवर बसले आणि तिला घट्ट धरलं. ओरडले नाही. मी, जी फुटलेल्या कपावरून घर डोक्यावर घेते, एक अक्षर बोलले नाही. कुणाला बोलणार होते? बोराची चटणी खात 'क्लिअर' म्हणणारी ती मीच होते, पण त्या वेळी गेला तो विटांमधला एक पक्षी होता.

हे मी नोएलला सांगितलेलं नाही, आणि मी जिवंत असेपर्यंत सांगणार नाही. रविवारी आम्ही अजून टँक खेळतो. आता पिवळा माझा, हिरवा त्याचा. एडना आंटी चहाचा कप त्याच्या उजवीकडे ठेवून टिकटिक करते. तो पडद्यावरची नजर न हलवता विचारतो, "लेफ्ट?" मी आधी बघते, पूर्ण कोपऱ्यापर्यंत बघते, आणि मगच सांगते.